खरं बोलायचंच आहे, पण आधी कोणाशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेपासूनच्या मित्राची नोकरी काही महिन्यांपूर्वी गेली. घरी त्याने सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं आणि ‘कोणालाही कळता कामा नये’ असा शब्द घेतला. आता तो ओळखीतल्या माणसांकडून उसने पैसे घेतोय, पण कारण भलतंच सांगतोय: घराची दुरुस्ती काढली आहे, पुढच्या पगारातून फेडतो. तुमच्या दोघांच्याही एका मैत्रिणीकडे त्याने मोठी रक्कम मागितली, आणि तिने तुम्हाला सरळ विचारलं, “तू त्याला माझ्यापेक्षा जवळून ओळखतोस. देऊ ना? सगळं ठीक आहे ना त्याचं?” तुम्ही ‘बघून सांगतो’ म्हणत वेळ मारून नेलीत. शब्द मोडला तर मित्राशी दगाबाजी, गप्प बसलो तर मैत्रिणीची फसवणूक. यातलं काय पत्करू, असं तुम्ही विचारता.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. मैत्रिणीशी खोटं बोलू नका. मित्राचं गुपितही तिला आज सांगू नका. आधी त्याच्याकडे जा, दोन-तीन दिवसांच्या आत, समोरासमोर. त्याला सांगा की तिने मला विचारलंय, मी तिला खोटं सांगणार नाही, तेव्हा एकतर तू स्वतः तिला खरं सांग नाहीतर पैशांची मागणी मागे घे. यातलं काहीच झालं नाही, तर मी तिला ‘पैसे देऊ नकोस’ एवढंच सांगेन. तुमच्या प्रश्नात जे दोन रस्ते आहेत त्यांच्या आधी हा तिसरा येतो, आणि तो सगळ्यात कठीण असल्यामुळेच बहुतेक जण तो टाळतात.

समुपदेशनाच्या कामात तुटलेल्या मैत्रीच्या कहाण्या मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कडू सत्य तोंडावर ऐकावं लागलं म्हणून कायमची तुटलेली मैत्री त्यात फार क्वचित दिसते. माणसं दुखावतात, महिनाभर बोलत नाहीत, पण बरीचशी परत येतात. ज्यांना परत येणं जमत नाही त्यांच्या तोंडी दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. एक, “त्याला माझ्याबद्दल असं वाटत होतं, ते त्याने सगळ्यांना सांगितलं, मला सोडून.” दुसरं, “मी विचारलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, आणि तो काही बोलला नाही.” दोन्ही वाक्यांत सत्यामुळे कोणी दुरावलेलं नाही. सत्य चुकीच्या माणसाला मिळालं, किंवा योग्य माणसाला मिळालं नाही, म्हणून दुरावलेलं आहे. मित्राच्या तोंडावर खरं बोलावं आणि त्याच्या पाठीमागे त्याची बाजू राखावी, हा साधा क्रम आपण रोजच्या वागण्यात नेमका उलटा करतो: समोर गोड बोलतो आणि खरं मत तिसऱ्यापाशी मोकळं करतो.

आता तुम्ही दिलेल्या शब्दाकडे येते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. शब्द कशाचा दिला होता ते नीट आठवा. नोकरी गेली त्या दिवसांत तो तुमच्याकडे आला. तेव्हा गोष्ट त्याच्या एकट्याची होती: त्याचं नुकसान, त्याची लाज, त्याची भीती. ती कोणाला कधी सांगायची हे त्यानेच ठरवायचं, आणि तो शब्द तुम्ही आजही पाळावा असंच मी म्हणेन. पण खोटं कारण सांगून तिसऱ्या व्यक्तीकडून पैसे घेणं ही नंतर घडलेली वेगळी गोष्ट आहे. तिच्याबद्दल त्याने तुम्हाला विचारलं नव्हतं, तुम्ही होकार दिला नव्हता. पहिल्या गोष्टीसाठी दिलेला शब्द दुसरीवर आपोआप पांघरला जात नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे, जो तुमच्या लक्षात आला असावा म्हणूनच तुम्ही बेचैन आहात. मैत्रीण तुम्हाला विचारतेय ती तुमच्या भरवशावर. तुम्ही ‘ठीक आहे सगळं’ म्हणालात, किंवा नुसते खांदे उडवलेत, तरी तिच्या लेखी तुम्ही जामीन राहिलात. पैसे बुडाले तर तिचा विश्वास दोघांवरून उडेल. मित्राने तुम्हाला या जागी न विचारता उभं केलंय, आणि हे त्याला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गोपनीयतेला मर्यादा असते हे आमच्या व्यवसायालाही शिकावं लागलं. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅरासॉफ खटल्यात असा निर्णय दिला की रुग्णाकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्या व्यक्तीचं संरक्षण होईल अशी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. तुमचा प्रसंग तितका टोकाचा अजिबात नाही. मी हे सांगतेय ते दुसऱ्या कारणासाठी. या मर्यादा आम्ही पहिल्या भेटीतच स्पष्ट करतो: तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, मात्र अमुक परिस्थितीत राहणार नाही. मित्र एकमेकांना हे कधी सांगत नाहीत. ‘कोणाला सांगू नकोस हं’ म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो, पुढे काय ऐकायला मिळणार हे माहीत नसताना. पुढच्या वेळी एक वाक्य जोडून पाहा: “माझ्यापाशी राहील, पण कोणाचं नुकसान होणार असेल तर मी आधी तुझ्याशीच येऊन बोलेन.” हे ऐकून कोणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

भर्तृहरीने चांगल्या मित्राची लक्षणं एका श्लोकात सांगितली आहेत. मित्राचं गुपित झाकतो, गुण उघड करतो, संकटात सोडून जात नाही, वेळेला देतो, हे सगळं त्यात आहे. पण श्लोकाची सुरुवात होते ‘पापान्निवारयति’ इथून. वाईट कृत्यापासून परतवणं पहिलं, गुपित झाकणं नंतर. एकाच माणसाकडून दोन्ही अपेक्षित आहेत, त्यांत विरोध आहे असं त्याला वाटलेलं नाही. गुपित राखणारा माणूसच अडवू शकतो, कारण आत काय चाललंय ते त्याला एकट्यालाच ठाऊक असतं.

याची दुसरी बाजू कर्णात दिसते. मित्रनिष्ठा म्हटली की आपल्याला तोच आठवतो, आणि त्याच्या निष्ठेची किंमत कमी लेखण्याचं कारण नाही. सगळ्यांनी झिडकारलं तेव्हा ज्याने हात दिला त्याला तो शेवटपर्यंत सोडत नाही. पण महाभारताच्या उद्योगपर्वातला तो प्रसंग पाहा. कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून पांडवांकडे ये म्हणतो. कर्ण नकार देतो, आणि त्याच बोलण्यात कबूल करतो की विजय पांडवांचा होणार हे मला दिसतंय, आणि दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना जे कठोर बोललो त्याचा आज मला पश्चात्ताप होतो. त्याच्या मनातलं हे सगळ्यात खरं बोलणं. ते ज्याने ऐकायला हवं होतं तो दुर्योधन तिथे नव्हता. कर्णाने मित्रासाठी प्राण दिले. हे एक बोलणं मात्र त्याच्या वाट्याला येऊ दिलं नाही. माझ्या समोर बसणाऱ्या अनेक निष्ठावान माणसांची हीच गत असते. मित्रासाठी ती वाटेल ते सोसतील, पण त्याला नाराज करण्याचं धाडस त्यांच्याकडून होत नाही.

तुमच्या मित्राकडे रागाने पाहू नका. मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो यांनी 1990 च्या दशकात लोकांना आपल्या खोटं बोलण्याची रोजनिशी ठेवायला सांगून बराच अभ्यास केला. रोजची बारीकसारीक खोटी माणसं जवळच्यांशी तुलनेने कमी बोलतात असं दिसलं. मात्र मोठी, गंभीर खोटी बहुतेकदा जवळच्यांशीच बोलली जातात असं त्यांच्या नंतरच्या अभ्यासात आढळलं. माझा अनुभवही हाच आहे, आणि कारण उघड आहे: जिथे आपली किंमत घसरली तर सहन होणार नाही, तिथेच माणूस सगळ्यात जास्त लपवतो. पत्नीला न सांगणं, मैत्रिणीला दुरुस्तीची गोष्ट सांगणं, हे त्या दोघींना तो क्षुल्लक मानतो म्हणून होत नसावं. त्यांच्या डोळ्यांत आपण पडू, ही भीती असते. ही भीती समजून घेऊन बोललात तर तो ऐकेल.

आणि तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल. एमा लेव्हिन आणि टाया कोहेन या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना जवळच्या माणसांशी पूर्ण प्रामाणिकपणे बोलायला सांगितलं, आणि हे बोलणं कसं जाईल याबद्दल लोकांचे अंदाजही घेतले. लोकांना वाटलं होतं तितकं ते त्रासदायक ठरलं नाही आणि नात्यालाही अंदाजाइतकी झळ लागली नाही. प्रत्येक वेळी असंच होतं असं मी म्हणणार नाही. पण आपण डोक्यात ज्या संभाषणाची तालीम करतो ते प्रत्यक्षापेक्षा सहसा भयंकर असतं, हे खरं. गुपितांचा अभ्यास करणारे मायकेल स्लेपियन यांचं एक निरीक्षणही तुम्हाला उपयोगी पडेल: गुपिताचा त्रास कोणासमोर ते लपवताना होतो त्यापेक्षा एकटे असताना मन पुन्हा पुन्हा तिकडे जातं त्याने अधिक होतो. तुमची झोप उडाली आहे असं तुम्ही लिहिलंय, ते याचमुळे. बोललात की तुमच्यावरचं ओझंही कमी होईल, आणि ते कमी व्हावं असं वाटण्यात काही स्वार्थ नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं. यावर थोडं रेंगाळते, कारण योग्य हेतूने गेलेली माणसंही इथे शब्दांत घसरतात.

फोनवर किंवा मेसेजवर बोलू नका. घरी तर नकोच, तिथे त्याला कान टवकारून बसावं लागेल. दोघंच चालत असताना बोलणं सगळ्यात सोपं जातं. नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि मध्येच गप्प राहिलं तरी अवघडत नाही. प्रस्तावना लांबवू नका. ‘तुला राग येणार नसेल तर एक बोलू का’ असल्या सुरुवातीने समोरचा आधीच बचावाला उभा राहतो. सरळ म्हणा, “तू तिच्याकडे पैसे मागितलेस, तिने मला विचारलं. मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुझ्याकडे आलो.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही कोणाच्या बाजूने आलात हे त्याला त्यातूनच कळणार आहे.

मग दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा. नोकरी गेली यात मला काही कमीपणा वाटत नाही, आणि ते मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण ती पगारातून परतफेड होईल असं समजून पैसे देणार आहे, आणि पगार नाही हे मला माहीत आहे. हे मला जमणार नाही. एवढं बोलून थांबा. ‘सगळेच म्हणतायत तुझं काहीतरी बिनसलंय’ हे चुकूनही नको. त्याक्षणी त्याच्या डोळ्यांसमोर आख्खी गर्दी उभी राहते आणि तो तुमचं ऐकणं बंद करतो. जुने हिशेबही काढू नका.

तो म्हणेल, “तू माझा मित्र आहेस की तिचा?” म्हणा, “दोघांचा आहे, आणि तुझा आहे म्हणून इथे उभा आहे. नाहीतर तिला परस्पर सांगून मोकळा झालो असतो.” तो म्हणेल, “अरे, मी बुडवणार आहे का? नोकरी लागली की देणारच.” त्याच्या दानतीवर वाद घालू नका, ती बहुधा चांगलीच आहे. म्हणा, “तू देशीलच. पण धोका किती आहे ते कळून तिने ठरवायला हवं, आणि तिला ते माहीत नाही.” तो चिडून निघून गेला तर जाऊ द्या, मागे धावू नका. रात्री एक ओळ पाठवा: मी आहे, परवा पुन्हा बोलू.

तो कोसळला, किंवा ‘आता काही उरलं नाही’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही म्हणाला, तर पैशांचा विषय तिथेच ठेवा आणि त्याला स्पष्ट शब्दांत विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. कोणीतरी विचारलं याने बहुतेकांना सुटकाच वाटते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा टाळाटाळीचं असलं तरी, गुपिताचा शब्द तिथे संपला. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. नोकरी गेलेली, कर्ज वाढतंय आणि घरात कोणाला काही माहीत नाही, ही अवस्था मी हलक्यात घेत नाही.

हे सगळं होईपर्यंत मैत्रिणीला काय सांगायचं? ‘मला काही कल्पना नाही’ हे नको, ते खोटं आहे आणि उद्या उघडं पडेल. म्हणा, “मला यावर बोलायच्या आधी त्याच्याशी बोलायचंय. दोन-तीन दिवस थांब, तोवर पैसे देऊ नकोस.” यातून तिला थोडी शंका येईलच. ती येऊ द्यावी लागते. तिला अंधारात ठेवण्यापेक्षा ते बरं. तिने खोदून विचारलं तर तिला योग्य प्रश्न सुचवा: परतफेड कशातून आणि कधी करणार हे तू त्यालाच विचार. उसने देणाऱ्याने हे विचारायलाच हवं असतं, त्यात तुम्ही काही फोडलेलं नसतं.

मित्राने दिलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर तिला तिच्या निर्णयापुरतं सांगा. “माझा सल्ला आहे, देऊ नकोस. कारण त्याच्याकडून ऐक.” नोकरी, घर, पत्नी यातलं काही नको. आणि तिला सांगितलंत हे त्याला त्याच दिवशी स्वतः कळवा. दुसऱ्याकडून कळलं तर तुम्ही आधी येऊन बोललात हेही तो विसरेल. तिने पैसे देऊन टाकलेच असतील तरी क्रम हाच ठेवा, फक्त मुदत एका दिवसाची करा.

एका गोष्टीबद्दल मला फार ठामपणे सांगायचंय: तुमच्या इतर मित्रमंडळींत यातलं अक्षरही जाऊ देऊ नका. ‘मला त्याची काळजी वाटते म्हणून सांगतोय’ या वाक्याने जितकी माणसं नागवी केली तितकी उघड शत्रुत्वानेही केली नसतील. मन मोकळं करायचंच असेल तर तुमच्या वर्तुळाबाहेरच्या एका माणसाशी, नाव न सांगता करा. चौघांत त्याचा विषय निघाला आणि कोणी टोमणा मारला, तर ‘तो इथे नाही, त्याच्याबद्दल नको’ म्हणून थांबवा. निष्ठेची परीक्षा इथे होते, आणि ती रोज होते.

प्रामाणिकपणाच्या नावाखाली न मागितलेली मतं देत सुटणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, हेही नोंदवते. मित्राने केलेलं लग्न, घेतलेलं घर, झालेला निर्णय आवडला नाही, म्हणून आता ते ऐकवण्यात कोणाचं भलं आहे? मी स्वतः दोन गोष्टी पाहते. अजून काही बदलता येण्यासारखं आहे का, आणि माझ्या गप्प बसण्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे? तुमच्या बाबतीत पैसे अजून दिले गेलेले नाहीत आणि किंमत मैत्रीण मोजणार आहे, म्हणून बोलायचं. दोन्ही उत्तरं ‘नाही’ आणि ‘कोणालाच नाही’ अशी असतील तर खुशाल गप्प बसावं.

राहिली मदत. फक्त ‘खरं बोल’ सांगून परतलात तर त्याच्या हाती काही लागलं नाही. कोणाकडून किती घेतलंय त्याची यादी त्याच्याबरोबर बसून करा. बहुतेकांनी ती भीतीपोटी केलेलीच नसते. मैत्रिणीशी बोलताना सोबत हवा का, विचारा. पत्नीला त्यानेच सांगायचंय, पण कोणत्या दिवशी सांगणार हे त्याच्याकडून वदवून घ्या आणि त्या संध्याकाळी फोनच्या आसपास राहा. तुम्हाला पैसे देणं परवडत असेल तर परत मिळाले नाहीत तरी चालेल एवढेच द्या, आणि तसं त्याला सांगून द्या.

तो काही आठवडे अबोला धरेल असं गृहीत धरा. त्या काळात दर चार-आठ दिवसांनी काहीतरी साधं पाठवत राहा, ज्यात नोकरी नाही, पैसे नाहीत, ‘ठरलं का मग’ ही चौकशी नाही. आणि तो पुन्हा बोलायला लागला की त्याने माफी मागावी किंवा ‘तूच बरोबर होतास’ म्हणावं, याची वाट पाहू नका.